आईचा शुद्ध आवाज

करंजाडे, ९ नोव्हेंबर

केतन,

पाकिटावरचं अक्षर बघून फाडू नकोस. आधी वाच, मग फाड. माझा नंबर ब्लॉक केलास त्याला अकरा वर्षं झाली, अनोळखी नंबरही तू घेत नाहीस. मीही काही तुझ्या विनवण्या करायला आले नाही. आज लिहितेय म्हणजे तसंच काहीतरी असणार, एवढं समजून घे.

आई सध्या माझ्याकडे आहे. तिच्या घशात गाठ निघालीय. कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले मिश्रीमुळे. ३ डिसेंबरला ऑपरेशन ठरलंय, त्यात स्वरयंत्रच काढणार. जिवाला धोका नाही म्हणतात, पण त्यानंतर आई बोलू शकणार नाही. मी तीनदा विचारलं, थोडासुद्धा नाही का? डॉक्टरांनी तिन्ही वेळा नाही म्हणून मान हलवली.

दिवाळीपासून तुझे चार मिस्ड कॉल तिच्या फोनवर पडलेत. तिनं मुद्दाम उचलले नाहीत आणि फोन माझ्याही हाती देत नाही. आवाज घोगरा झालाय, तो ऐकलास तर बोट सोडून पळत येशील ही तिला भीती. गावात सगळ्यांना शपथ घातलीय की केतनला कळता कामा नये. आता जिनं धवले, आपली लग्नाची गाणी, म्हणून अख्ख्या गावाची लग्नं लावली, तिची शपथ कोण मोडणार? शेजारच्या धनाजीला मी हात जोडले, तर म्हणतो, "धवलारनीचा शब्द हाय, मना नको सांगू." म्हणून ही पापीण मोडतेय.

तुझ्या कंपनीच्या बेलापूरच्या ऑफिसात नंदकुमार म्हणून एक भले गृहस्थ आहेत. ते म्हणाले, इमर्जन्सीचा मेल टाकला तर तुला पुढच्या बंदरावर उतरवतील आणि कॉन्ट्रॅक्ट तुटेल. साधं पत्र दिलं तर बंदरावरच्या एजंटकडून मिळेल. मी साधं पत्र निवडलं. तू तिला फक्त एक मेसेज टाक की तुला सगळं कळलंय. मग ती तुझा फोन घेईल.

का, ते सांगते. हॉस्पिटलमध्ये ऋता नावाची एक मुलगी आहे, आवाज गेलेल्यांना मदत करते. ती म्हणाली, ऑपरेशनच्या आधी आजींचं दोन तास बोलणं रेकॉर्ड करून द्या. त्यावरून कॉम्प्युटर त्यांच्या आवाजात बोलायला शिकेल. नंतर टॅबवर चित्र दाबलं की त्यांच्याच आवाजात वाक्य निघेल. आईला लिहिता येत नाही, त्यामुळे हाच मार्ग. माझ्याकडे आईचं रेकॉर्डिंग भरपूर आहे, ती काळजी नाही. पण नवीन थोडं हवंय, आणि तू बोललास तर बरं होईल.

ताई


करंजाडे, १६ नोव्हेंबर

केतन,

तुझा मेसेज नाही. पत्र पोचलं नसेल किंवा पोचून समुद्रात गेलं असेल. तरी लिहितेच.

आधीच्या पत्रात मी म्हटलं, रेकॉर्डिंग भरपूर आहे. ते खरं आहे. ऋताला नेऊन दिलं. तिनं दहा मिनिटं ऐकलं आणि मला विचारलं, "ताई, आजी घरी अशाच बोलतात?"

काय सांगणार?

तुला माहीत नसेल, मी तीन वर्षांपूर्वी महापेच्या एका कंपनीत लागले होते. बोललेलं मराठी ऐकून समजणारं सॉफ्टवेअर ते बनवत होते, हेल्पलाइनवर माणसाच्या जागी बसवायला. त्यांना गावोगावचे उच्चार हवे होते आणि मी खाडीकाठच्या गावातली म्हणून मला घेतलं. बायकांना गोळा करायचं, फोन समोर धरायचा, त्यांनी बोलायचं. ॲपला वाक्य समजलं तर हिरवं, नाही समजलं तर लाल. पहिल्या दिवशी आपल्या ओट्यावर सतरा बायका बसल्या आणि ओळीनं सगळं लाल. ॲप शिकलं होतं पुस्तकातलं मराठी. त्याला आपलं काय कळणार?

लाल आलेलं कंपनीला हाताने लिहून पाठवायची सोय होती. खरं तर त्यांना तेच हवं होतं. कागदावर छापलं होतं, 'लोक जसे बोलतात तसे'. पण एकेका वाक्याला फॉर्म भरायचा, आणि वर साहेब विचारणार, तुमच्या गावचं एवढं लाल का? मला लाज वाटली रे. मग मी बायकांना शिकवलं. आमी नाही, आम्ही. पानी नाही, पाणी. हाय नाही, आहे. सगळ्यांत हुशार आपली आई! महिन्याभरात तिची सगळी वाक्यं हिरवी. पदर नीट करायची, पाठ ताठ करायची आणि म्हणायची, "नमस्कार, माझे नाव सगुणा आहे." मग मला विचारायची, "हिरवं आलं कं?" तेवढंच एक वाक्य तिचं, आणि ते रेकॉर्डिंगचं बटण सोडल्यावर.

कंपनीनं नंतर मोठं पत्रक काढलं की आमच्या सॉफ्टवेअरला खाडीकाठचं मराठी उत्तम समजतं. आणि आपल्या गावची राजलक्ष्मीकाकू एका हेल्पलाइनवर मशीनशी बोलते तर ते म्हणतं, कृपया पुन्हा सांगा. तीनदा सांगून काकूनं फोनला शिवी दिली. तीसुद्धा कळली नसेल त्याला.

आता मी आईसमोर फोन धरला की ती ताठ होते. मी सांगते, आई, आपलं बोल. ती हो म्हणते आणि, "आज हवा छान आहे," असं म्हणते. घशात काटे टोचताहेत आणि ती जिवाच्या आकांतानं 'आहे' म्हणते. मी हात टेकले.

तुझ्याशी ती कधी शुद्ध बोलली नाही. म्हणून तू हवास.

ताई


करंजाडे, २४ नोव्हेंबर

केतन,

आज खरं लिहिते. तोंडावर कधी बोलले नसते.

आईचं आपल्या बोलीतलंही बोलणं माझ्याकडे होतं. पहिल्या महिन्याचं, सगळं लाल. भातशेतीच्या गोष्टी, बाबांशी भांडण झालं ती गोष्ट, तू लहानपणी जेवताना जिताड्याच्या काट्यानं गुदमरलास ती गोष्ट. किती तास होतं कोण जाणे. फोन भरला की मी दर शनिवारी लाल पुसून टाकायचे. कंपनीनं सांगितलं नव्हतं. माझ्या मनानं, या माझ्या बोटानं पुसलं. मागच्या पत्रात हे लिहायला धजले नाही. ऋताला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे ताई." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

काय काय करून बघितलं ऐक. राजलक्ष्मीकाकूला रिक्षानं उलव्याहून इथे आणली. म्हटलं, दोघी बसा, गप्पा मारा. फोन रुमालाखाली ठेवला. तर माझ्या सासूबाई, सरोजिनीबाई, चहा घेऊन आल्या आणि प्रेमानं तिथेच बसल्या. झालं! काकूपण शुद्ध. दोघी म्हाताऱ्या शाळेच्या तपासणीला बसल्यासारख्या. "आपले गुडघे कसे आहेत?" "ठीक आहेत. आपले?" आतल्या खोलीतून माझा नवरा पार्थ हसला आणि मी त्याच्यावर खेकसले. त्याची काही चूक नव्हती.

चूक कुणाची ते तुला ठाऊक आहे. माझ्या लग्नात, नेरुळच्या हॉलमध्ये, आई नवं लुगडं नेसून धवले म्हणायला उभी राहिली आणि मी तिच्या कानात म्हटलं, "इथे नको गं, त्यांना कळणार नाही." जिनं दुनियेच्या पोरींची लग्नं लावली ती स्वतःच्या पोरीच्या लग्नात खुर्चीत जाऊन बसली. तू म्हणालास, "कलत नाय तं शिकूं दे त्यांना." मी म्हटलं, "तू तर तोंडच उघडू नकोस." भटजी कानपिळीसाठी नवरीच्या भावाला हाका मारत राहिले आणि तू रेतीबंदराच्या रस्त्याला लागला होतास. पार्थचा कान अजून कुणी पिळलेला नाही. त्याला मी कधी कधी चिडवते, पण मला हसू येत नाही.

माझ्या घरी आई अकरा वर्षं पाहुण्यासारखी बोलते. मीच तसं शिकवलं. आता पालथ्या घड्यावर पाणी.

परवा शेवटी तिला गावी नेली, आपल्या ओट्यावर. तिथे ती बोलली! माझ्याकडे पाठ करून, काकूशी, धनाजीच्या बायकोशी, अगदी आपलं. मी फोन पदराखाली धरून रडत होते. दीड तास. पण आवाज आता इतका खाली गेलाय की नुसती हवा. ऋतानं कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "यात बाकीच्या आहेत. आजींचा आवाज यंत्राला सापडत नाहीये."

लग्नांच्या व्हिडिओत तिचे धवले आहेत, पण ते गाणं, त्यात चार बायकांचा सूर आणि मागे बँजो. ऋता म्हणते, बोलणंच हवं.

तुझ्या फोनात तिचे व्हॉइस मेसेज असतील ना? तिचा जुना फोन हौदात पडला, त्यात सगळं गेलं. तुझ्याकडे असतील तर पाठव. मला नको पाठवूस, ऋताला पाठव, सोबतच्या चिठ्ठीवर तिचा नंबर आहे. माझ्याशी बोलू नकोस हवं तर जन्मभर. एवढं कर.

ताई


हॉस्पिटल, २ डिसेंबर, दुपारी

केतन,

उद्या सकाळी आठला नेणार आहेत. तुझा मेसेज नाही. नंदकुमारना काल फोन केला. ते म्हणाले, बोटीचा मार्ग बदलला, ते बंदर वगळलं, पत्रं एजंटकडेच पडून आहेत. तिन्ही. पुढच्या बंदराला जानेवारी उजाडेल. मी म्हटलं, इमर्जन्सीचा मेल टाका. मग आईला विचारायला आत गेले तर तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला. माझ्याकडूनही शपथ. बाहेर येऊन नंदकुमारना नको म्हटलं. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. काहीच कळेनासं झालंय.

मघाशी ऋता आली होती. म्हणाली, अजून वेळ आहे, जे येईल ते घेऊ. मी फोन बाजूला ठेवला आणि आईसमोर आपलं बोलून पाहिलं. केतन, मला येईना. "आई, तुना भीती वाटतं कं?" एवढंच जुळलं आणि तेही चुकल्यासारखं वाटलं. आई हसली. माझ्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "मी ठीक आहे, बाळा. तू काळजी करू नकोस."

सगळं शुद्ध. हे तिचं शेवटचं बोलणं असेल बहुतेक. आता डॉक्टर बोलू नका म्हणतात.

ताई


करंजाडे, २८ डिसेंबर

केतन,

आई घरी आली. गाठ सगळी निघाली, बाजूला पसरलेली नाही. देवाची कृपा, तेवढी तरी. गळ्याला पुढे एक भोक ठेवलंय, आता तिथूनच श्वास. मी ते साफ करायला शिकले. पहिल्या दिवशी मला जमेना तर तिनंच माझं मनगट धरून ठेवलं.

टॅब आला. त्यात चित्रं आहेत. पाणी, चहा, दुखतंय, पंखा, देऊळ, माझा फोटो, तुझा फोटो. ऋतानं कंपनीसाठी केलेल्या हिरव्या रेकॉर्डिंगवरून आवाज तयार केला. दुसरं होतंच काय? आईनं पाण्यावर बोट ठेवलं. "मला पाणी हवे आहे." आवाज तिचाच. खणखणीत, आजाराच्या आधीचा. आई दचकली आणि दाराकडे बघायला लागली, कोण आलं म्हणून.

मी ऋताला म्हटलं, आपल्या बोलीत वाक्यं टाइप करून बघू. केली. 'मना तान लागली.' यंत्रानं ते असं म्हटलं की विचारू नकोस. अक्षरं आपली, पण हेल नाही, ओढ नाही. शहरातलं कुणी टिंगल करतं तसं. सासूबाईंनासुद्धा ऐकवेना. "हे नको गं, हे त्यांचं नाही," म्हणाल्या. त्या शहाण्या आहेत, मीच त्यांना अकरा वर्षं घाबरले. ऋता म्हणते, शब्द लिहून भागत नाही, त्या तालात बोललेलं ऐकल्याशिवाय यंत्राला तो ताल येत नाही. तो ताल मी दर शनिवारी पुसला.

पण आईला टॅब आवडला. खोटं नाही सांगत. चार दिवसांनी ती रुळली. सासूबाईंना 'धन्यवाद' म्हणाली आणि दोघी हसल्या. मला वाटलं, चला, जमलं. मी तुझ्या फोटोखाली तीन वाक्यं घातली. ती तिनंच मला हातवारे करून सांगितली. किती वेळ लागला आम्हांला! तिला काय म्हणायचंय ते मी चुकीचं ओळखायची आणि ती कपाळावर हात मारायची.

आता ती तुझ्या फोनची वाट बघते. घोगरेपणा गेला ना! आता केतनला काही कळणार नाही, असं तिच्या मनात आहे. फोन चार्ज करून उशाशी ठेवते.

ताई


करंजाडे, १८ जानेवारी

केतन,

हे पत्र आधी वाच. बाकीची एजंटकडे असतील, ती नंतर वाच, नाहीतर वाचूही नकोस. आईला घशाचा कॅन्सर होता, ३ डिसेंबरला ऑपरेशन करून स्वरयंत्र काढलं, आता ती टॅबवर चित्र दाबते आणि टॅब तिच्या आवाजात बोलतो.

काल सकाळी साडेदहाला तू फोन केलास. आई मेथी निवडत होती. तुझं नाव दिसलं आणि तिनं जुडी खाली टाकली. मला खुणेनं सांगितलं, गप्प. फोन स्पीकरवर ठेवला, टॅब मांडीवर घेतला, पदर सारखा केला आणि तुझ्या फोटोवर बोट ठेवलं.

"केतन बाळा, तू कसा आहेस? मी बरी आहे. तू जेवलास का?"

तू म्हणालास, "कोन बोलतंय?"

तिनं परत दाबलं. तीच वाक्यं, तशीच्या तशी. मग तू म्हणालास, "ताई, आयसचा आवाज काढतंस? लाज नाय वाटत? तीन महिने फोन उचलाला देत नाय तिला, आनि आता ही नाटकं?" ती परत दाबायला गेली. बोट घसरलं आणि "धन्यवाद" निघालं. तू ओरडलास, "तुझा शुद्ध तुझ्याकडं ठेव! आयसला फोन दे! आयस कुठं हाय?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "केतन, अरे ती आईच आहे." माझा आवाज ऐकलास आणि कट केलास. तुझी खात्री पटली असणार की मीच होते.

मी नव्हते, केतन. ती आईच होती. समोर बसली होती, तुझं अक्षर न् अक्षर ऐकत होती. तुझा राग नाही मला. तुला जी आई माहीत आहे ती तशी बोलतच नाही. ओळखलं असतंस तर मलाच नवल वाटलं असतं.

फोन कट झाल्यावर तिनं अजून एकदा दाबलं. मग टॅब पालथा घातला आणि तोंड उघडलं. ओठ हलले, मला दिसलं, 'केतन' म्हणत होती. आवाज कुठला येणार, गळ्याच्या भोकातून हवा गेली फक्त. तीनचार वेळा तसं केलं. मग परत मेथी घेतली. मी तिच्या बाजूला बसून देठं काढली.

आज नंदकुमारना सांगून हे स्कॅन करून मेलनं पाठवतेय. आईची शपथ मोडली, कॉन्ट्रॅक्टचं काय व्हायचं ते होवो. तुझ्या फोनात तिचे जुने व्हॉइस मेसेज असतील तर हॉस्पिटलमधल्या ऋताला पाठव, तिचा नंबर मेलमध्ये आहे. पण ते नंतर. त्यावरून तिचा खरा आवाज बनवायला महिने लागतील आणि निघेल की नाही तेही कुणी सांगत नाही.

आधी फोन कर. तिच्या नंबरवर. मी खोलीत नसेन, देवाशपथ. टॅब बंद ठेवीन. तुला पलीकडून फक्त श्वास ऐकू येईल, जरा शिट्टी वाजल्यासारखा. घाबरू नकोस आणि हॅलो हॅलो करून ठेवून देऊ नकोस. ती आहे. तिला काही विचारू नकोस, तूच बोल, आपल्या बोलीत बोल. जेवलास की नाही ते सांग.

ताई